कार्ड एरर दाखवतंय? फोटो वाचवायचे तर आधी हात आवरा

कॅमेऱ्याच्या पडद्यावर ‘कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करा’ असा संदेश आला की पोटात गोळा येतो. नेमकं त्याच क्षणी माणूस काहीतरी करून बघायला जातो. कार्ड चार वेळा काढून घालतो, एखादा फोटो काढून पाहतो, कॉम्प्युटर विचारेल त्याला ‘हो’ म्हणतो. ओळखीपाळखीतल्या लोकांची अशी कार्डं मी बरीच वर्षं हाताळतो आहे. फोटो कायमचे गेले ते बहुतेक वेळा या पहिल्या दहा मिनिटांत. कार्ड बिघडलं तेव्हा ते शाबूत होते.

असं का होतं ते एकदा समजून घेतलं की पुढची सगळी पावलं आपोआप लक्षात राहतात. कार्ड म्हणजे एक गोदाम समजा. माल आत रचलेला असतो आणि कुठला माल कुठे आहे ते दाराशी ठेवलेल्या नोंदवहीत लिहिलेलं असतं. फोटो डिलीट केला की फक्त वहीतली ओळ खोडली जाते. साधं फॉरमॅट केलं की नवी कोरी वही ठेवली जाते, माल तसाच पडून राहतो. कार्ड ‘करप्ट’ झालं म्हणजे पुष्कळदा ही वहीच फाटलेली असते. पण वहीत जागा रिकामी दिसते आहे म्हणून नवा फोटो घेतलात, तर तो जुन्या मालाच्या जागेवरच ठेवला जाऊ शकतो. एकदा तसं झालं की तिथला जुना फोटो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही.

पहिलं पाऊल: थांबा आणि कार्ड बाहेर काढा

कार्डाशेजारचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर तो विझेपर्यंत थांबा. कॅमेरा त्या वेळी कार्डावर लिहीत असतो. मग कॅमेरा बंद करा, कार्ड काढा आणि एसडी कार्ड असेल तर कडेचा छोटा खटका ‘लॉक’वर सरकवा. कॉम्प्युटरला कार्ड लावलं की तो न विचारता स्वतःच्या बारीकसारीक फाइली त्यावर लिहितो, तेवढंही आपल्याला नको आहे. या खटक्याच्या मागे कुठलीही वायर नसते. त्याची जागा पाहून न लिहिण्याची काळजी रीडरनेच, म्हणजे कार्ड कॉम्प्युटरला जोडणाऱ्या उपकरणानेच, घ्यायची असते, त्यामुळे सगळेच रीडर तो पाळतील अशी खात्री धरू नका. मायक्रोएसडीला स्वतःचा खटका नसतो, तो तिच्या अडॅप्टरवर मिळतो.

दुसरं पाऊल: दोष कार्डाचाच आहे का ते बघा

दुसरं कार्ड कॅमेऱ्यात घालून बघा. तेही चालत नसेल तर घोटाळा कॅमेऱ्याच्या खाचेत आहे. बिघडलेलं कार्ड दुसऱ्या रीडरला लावा. रीडर जुना असेल तर याला फार महत्त्व आहे, कारण ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एसडीएक्ससी प्रकारची असतात आणि जुन्या रीडरला किंवा जुन्या कॉम्प्युटरला ती समजत नाहीत. मग तो धडधाकट कार्डालाही ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारतो. उत्तर नेहमी ‘नाही’.

कार्ड उलटं करून उजेडात धरा. सोनेरी पट्ट्यांवर बोटांचा तेलकट थर, धूळ किंवा हिरवट डाग दिसतो का? मऊ, धागे न सोडणाऱ्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन पट्ट्यांच्या दिशेने हलकेच पुसा आणि पूर्ण सुकू द्या. खाचेत हवेच्या रबरी पंपाने फुंका, तोंडाने नको, थुंकीचे तुषार आत जातात. एकदा एका खाचेतून मी कापडाचा जेमतेम तीळभर धागा चिमट्याने काढला होता. कार्डाला काही झालंच नव्हतं, एका पट्टीचा संपर्क तेवढा होत नव्हता. जुन्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डांच्या बाबतीत कॅमेऱ्यातल्या ५० बारीक पिनांपैकी एखादी वाकलेली असू शकते. तसं दिसलं तर कार्ड जोर लावून आत ढकलू नका.

फोटो दिसायला लागले तर लगेच सगळे कॉम्प्युटरवर कॉपी करा. कट-पेस्ट नाही, कॉपीच. सगळ्यांत महत्त्वाचे फोटो आधी घ्या.

तिसरं पाऊल: कार्डाची हुबेहूब प्रत

ही पायरी लोक गाळतात आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. मरायला टेकलेलं कार्ड प्रत्येक वाचनागणिक आणखी ढासळू शकतं. म्हणून ते एकदाच, पूर्ण, या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचून त्याची एक मोठी फाइल बनवायची. हिला इमेज म्हणतात. पुढचे सगळे प्रयोग या इमेजवर करायचे, कार्ड बाजूला ठेवून द्यायचं. एखादा प्रयोग फसला तरी मूळ कार्ड सुरक्षित राहतं.

लिनक्स किंवा मॅकवर डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन यासाठी उत्तम. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतं. कुठवर वाचलं याची नोंद ठेवायला सांगितली, तर मध्येच थांबून पुढे चालू करता येतं. विंडोजवर विन३२ डिस्क इमेजर आहे. त्यात ‘रीड’ दाबायचं, ‘राइट’ चुकूनही नाही. कार्ड पहिल्यासारखं वाचता येत असेल तर हे पुरतं, पण खराब जागा लागली की ते अडून बसतं, तेव्हा डीडीरेस्क्यूच हवं. कुठल्याही साधनात कुठून वाचायचं आणि कुठे लिहायचं हे दोनदा तपासून मगच पुढे जा. कार्डावर दहाच फोटो असले तरी ६४ जीबीच्या कार्डाची इमेज ६४ जीबीचीच होते, तेवढी जागा आधी मोकळी करा.

चौथं पाऊल: इमेजमधून फोटो काढा

टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही जोडगोळी मोफत आहे आणि एकत्रच मिळते. थोडीच मोडतोड असेल तर टेस्टडिस्क नोंदवहीच्या उरलेल्या पानांवरून फाइली मूळ नावांसकट दाखवतं, म्हणून आधी ते. जमलं नाही तर फोटोरेक. ते वहीकडे बघतच नाही. सरळ मालात शिरतं आणि जेपीजी फोटोच्या सुरुवातीला असणारी ठरावीक खूण शोधत जातं. अक्षरांची काळी खिडकी नको वाटत असेल तर त्याचंच क्यूफोटोरेक हे रूप घ्या. इमेज निवडा, हव्या त्या फाइलींचे प्रकार निवडा, त्यात तुमच्या कॅमेऱ्याचा रॉ प्रकारही (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असू द्या. आणि सापडलेले फोटो ठेवण्यासाठी कॉम्प्युटरवरचं फोल्डर द्या. वाचवलेला माल त्याच कार्डावर ठेवायचा नाही.

फोटो परत येतात पण नावं येत नाहीत, हजारभर अनोळखी आकडे दिसतात. घाबरू नका. फोटो काढल्याची तारीख-वेळ फाइलच्या पोटात लिहिलेली असते, त्यानुसार क्रम लावता येतो.

काही फोटो अर्धे निघतात. एका मित्राने एरर आल्यावर ‘चालतंय का’ बघायला बारा-पंधरा फोटो काढले होते. त्याच्या कार्डातून मिळालेल्या एका फोटोत त्याच्या आजीचं कपाळ आणि डोळे स्वच्छ दिसतात, नाकाखाली राखाडी पट्टा सुरू होतो तो थेट तळापर्यंत. त्या पट्ट्याच्या जागी आता भिंतीचा एक चाचणी फोटो आहे. त्याउलट एका मैत्रिणीने कॉम्प्युटरच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून कार्ड साधं फॉरमॅट करून टाकलं होतं, पण त्यानंतर त्याला हात लावला नाही. तिला वडिलांचे सगळे फोटो मिळाले.

व्हिडिओचं जरा कठीण असतं. फाइल मोठी, तुकड्यांत विखुरलेली, शिवाय पुष्कळ कॅमेरे एमपी४ फाइलची सूची अगदी शेवटी लिहितात. चित्रण चालू असताना बॅटरी संपली की सूची राहून जाते आणि व्हिडिओ उघडत नाही. अशा वेळी अनट्रंक हे साधन त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर घेतलेल्या एका चांगल्या व्हिडिओचा नमुना बघून मोडका व्हिडिओ जुळवायचा प्रयत्न करतं.

विंडोजचं ‘स्कॅन अँड फिक्स’ मात्र इमेज हाती येण्याआधी चालवू नका. त्याला वही नीटनेटकी करायची असते. फोटो वाचवणं हे त्याचं काम नाही, आणि त्या आवराआवरीत उरलेले धागेदोरे तुटतात.

कधी थांबायचं

कार्ड कुठल्याच रीडरमध्ये दिसत नसेल, क्षमता शून्य दाखवत असेल, हाताला चटका बसण्याइतकं तापत असेल किंवा तडकलं असेल, तर घरचे उपाय संपले. डेटा रिकव्हरीची प्रयोगशाळा आतली मेमरी थेट वाचू शकते. मायक्रोएसडीत सगळं एकाच ठोकळ्यात बंद असतं, तिथे बारीक तारा जोडून काम करावं लागतं, म्हणून ते जास्त किचकट. काम देण्याआधी दोन गोष्टी विचारा: काहीच मिळालं नाही तर पैसे लागतात का, आणि पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइलींची यादी दाखवता का.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

फोटो दोन वेगळ्या ठिकाणी उतरवल्याशिवाय कार्ड मोकळं करू नका. उतरवल्यावर चार-सहा फोटो पूर्ण मोठे करून उघडून बघा, नुसत्या छोट्या चित्रांवर विसंबू नका. मग फॉरमॅट करा, आणि ते कॅमेऱ्यातच करा, म्हणजे फोल्डरांची रचना त्या कॅमेऱ्याला हवी तशी बसते. एका कॅमेऱ्याचं भरलेलं कार्ड दुसऱ्यात घालून पुढे चालू ठेवायची सवय मोडा. बॅटरी शेवटच्या घटका मोजत असताना फोटो घेत राहू नका, लिहिता लिहिता वीज गेली तर वही फाटते. कॅमेऱ्यात दोन खाचा असतील तर दुसरं कार्ड जागा वाढवायला न वापरता बॅकअपवर लावा.

नवं कार्ड घेतलं की पहिल्याच दिवशी ते पूर्ण भरून तपासा. त्यासाठी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, मॅक-लिनक्सवर एफ३ ही साधनं आहेत. बनावट कार्ड १२८ जीबी असल्याचं सांगतं आणि आत ८ जीबीच मेमरी असते. तेवढी भरेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं आणि पुढचे फोटो कुठेच जात नाहीत. व्हिडिओसाठी वेगाची खूण बघा: व्ही३० म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी, व्ही६० म्हणजे ६०.

विमानतळावरच्या एक्स-रेची किंवा चुंबकाची भीती नको, वाकण्याची आणि ओलाव्याची हवी. कार्ड भिजलं तर पूर्ण सुकेपर्यंत कशातच घालू नका. खारं पाणी लागलं असेल तर आधी डिस्टिल्ड पाण्याने धुवा. मेमरीतला विद्युतभार वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर हळूहळू झिरपतो, म्हणून भरलेली कार्डं कपाटात ठेवून तो संग्रह समजू नका.

ज्या कार्डाने एकदा कारण नसताना दगा दिला, ते पुन्हा कॅमेऱ्यात घालू नये असं माझं ठाम मत आहे. मात्र ते तसंच कचऱ्यात टाकू नका आणि फॉरमॅट करून कोणाला देऊही नका. तुमचे फोटो त्यात अजून आहेत आणि फोटोरेक कोणालाही मोफत मिळतं. जाड कात्रीने कार्डाचे आडवे-उभे तुकडे करा, आतली काळी मेमरी चिप कापली गेली आहे ना ते बघा, आणि मग ते ई-कचऱ्यात द्या.