खाडीचा गाळ तोलताना: नव्या संशोधकासाठी

ठाणे खाडीतल्या तिवरांच्या मुळाशी किती कार्बन साठलाय, हा प्रश्न जीवशास्त्र आणि भूशास्त्र दोघांचा. बायोचे विद्यार्थी झाडं मोजतात आणि गाळाची घनता विसरतात, भूशास्त्रवाले नेमकं उलटं करतात. नुसत्या कार्बनच्या टक्केवारीवरून हेक्टरी साठा काढता येत नाही.

खाडीचा काही भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). वनविभागाची लेखी परवानगी आधी, नमुन्यासाठी गाळात पाईप नंतर. ऐरोलीच्या बाजूने उतरायचं असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी काठावर हजर राहा, पाणी परतायच्या आत निघा. गमबूट चिखलात रुततात. घट्ट लेसचे जुने कॅनव्हास बूट बरे.

5 सेंमी आतल्या व्यासाचा, खालची कड धारदार केलेला पीव्हीसी पाईप 1 मीटर खाली घाला. बाहेर काढण्याआधी आतल्या आणि बाहेरच्या गाळाची पातळी मोजा, कारण गाळ दाबला जातो. आत 80 सेंमीच भरला असेल, तर पाईपातले 5 सेंमी म्हणजे जमिनीतले 6.25. ही नोंद जागेवरच झाली पाहिजे. प्रयोगशाळेत ती कुठूनच मिळत नाही, आणि मग नमुना वाया जातो.

पाईपातल्या गाळाची कापलेली 5 सेंमीची चकती साधारण 98 घन सेंमी भरते. 60 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून तोला. गरम क्रूसिबलचं (नमुना ठेवायच्या उष्णतारोधक वाटीचं) वजन खोटं येतं. मग 450 अंशांवर मफल फर्नेसमध्ये (उच्च तापमानाच्या बंद भट्टीत) जाळा. घटलेलं वजन म्हणजे कार्बन नव्हे, सेंद्रिय पदार्थ आणि चिकणमातीतलं थोडं पाणीही. म्हणून काही नमुने सीएचएन यंत्रात (कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन मोजणाऱ्या) तपासून घटलेल्या वजनावरून कार्बन काढायचं स्वतःचं समीकरण बसवा. त्यात शिंपल्यांचा कार्बन मिसळू नये म्हणून आधी विरळ हायड्रोक्लोरिक आम्ल, फसफस थांबेपर्यंत.

हिशेब असा: घनता 0.8 ग्रॅम प्रति घन सेंमी, कार्बन 2 टक्के, खोली 100 सेंमी धरली, तर हेक्टरी 160 टन. पाईपात दबलेल्या गाळाची घनता फुगते, म्हणून खोली जितक्या पटीने वाढवाल तितक्याच पटीने घनता कमी करा. एकच सुधारली तर आकडा चुकतोच.

आणि हा सगळा कार्बन तिवराचाच, असं लिहू नका. खाडीत सांडपाणीही येतं. कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर किंवा समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) तपासल्याशिवाय श्रेय झाडाला देऊ नये.