जेट स्कीचं कार्बन फायबरचं हूड करून घ्यायचंय? गाळ्यावर जाण्याआधी एवढं ठरवा

कार्बनचा भाग करून घ्यायचं मनात आलं की आपण नवी मुंबईतल्या रबाळे, महापे नाहीतर ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या गाळ्यांत चौकशीला निघतो आणि पहिला प्रश्न दराचा विचारतो. दर शेवटी विचारायचा. एफआरपीचं, म्हणजे कापडावर रेझिन (सुकून कडक होणारा चिकट द्रव) लावून भाग बनवण्याचं काम करणाऱ्या माणसाला रेझिन कळतं, कापड कळतं, साचा कळतो. पण त्याच्याकडे येणारं काम बहुधा टाक्या, मशीनची कव्हरं किंवा बाइकचे फेअरिंग असं असतं. तुमची स्की खाऱ्या पाण्यात किती वेळ असते, हूडखाली काय काय आहे, बोल्ट कशात बसतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. ते सांगणं तुमच्याकडे आहे, आणि तेही तोंडी नको, कागदावर हवं.

सुरुवात भाग निवडण्यापासून करा. हूड, डिकीचं झाकण, बाजूचे पॅनेल, आरशांची कव्हरं हे भाग स्थानिक गाळ्यात उत्तम होतात. स्टिअरिंगचा दांडा, पंपाचे भाग, पाणी आत घेणारी जाळी यांच्या वाटेला जाऊ नका. ते तुटले तर तुम्ही खोल पाण्यात अडकता. तळाच्या राइड प्लेटचा मोह अनेकांना होतो. तुमची स्की सी-डू ब्रँडची, रोटॅक्स फोर-टेक इंजिनवाली असेल तर तो विषय तिथेच सोडा, कारण तिच्यात कूलंट थंड होतं तेच त्या ॲल्युमिनियमच्या प्लेटमधून. कार्बनची प्लेट लावली तर इंजिन तापणार.

मग हे सगळं वजनासाठी की दिसण्यासाठी, हे स्वतःशी खरंखुरं ठरवा. हिशेब सोपा आहे. नेहमीचं टूबायटू ट्विल (तिरप्या विणीचं) कार्बन कापड चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅमचं येतं. चार थर म्हणजे 800 ग्रॅम कापड. हाताने रेझिन लावलं तर जवळपास तेवढंच रेझिन बसतं, म्हणजे चौरस मीटरला 1.6 किलोच्या आसपास, आणि जाडी भरते जेमतेम एक मिलिमीटर. व्हॅक्यूम इन्फ्युजनमध्ये (हवा ओढून रेझिन कापडात खेचण्याच्या पद्धतीत) रेझिन कमी लागतं, वजन 1.3 किलोपर्यंत उतरतं. मात्र एक मिलिमीटरचा मोठा सपाट भाग हाताने दाबला की लवतो. थर वाढवत बसण्यापेक्षा मध्ये तीन-पाच मिलिमीटरचा फोम कोअर घाला. फोम घालून जाडी दुप्पट झाली की ताठपणा साधारण सातपट होतो आणि फोमचं वजन त्या मानाने कमी असतं. फक्त बिजागरी, कुलूप आणि बोल्ट येतात तिथे फोम नको, भरीव थर हवेत. त्या जागा जुन्या हूडवर मार्करने गोल करून फोटो काढून ठेवा. जुन्या हूडचं वजनही आधीच करून ठेवा, नाहीतर किती वाचलं ते कशावरून ठरवणार?

आता मीठ. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याच मुद्द्याला द्यायला हवा. कार्बन फायबर वीज वाहून नेतं. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये समुद्राचं पाणी आलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते. कार्बनला काही होत नाही, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ब्रॅकेटच्या कडेला पांढरी भुकटी दिसू लागली की हेच चाललंय असं समजा. म्हणून कागदावर ठळक लिहा: धातूला टेकणाऱ्या प्रत्येक जागी आतून काचेच्या कापडाचा एक पूर्ण थर, भोकं पाडल्यावर त्यांच्या कडा रेझिनने बंद, बोल्ट टायटॅनियमचे किंवा 316 स्टीलचे, आणि खाली नायलॉनचा वॉशर. 304 स्टील बाजारात पटकन मिळतं, पण समुद्राच्या पाण्यात ते टिकत नाही. बोल्टची खरेदी गाळेवाल्यावर सोपवू नका, स्वतः आणा.

उन्हाचंही तितकंच. मे महिन्यात उघड्यावर उभी असलेली काळी वस्तू हात लावू देत नाही, आणि घरच्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी (रेझिनचा एक प्रकार) साधारण 50-60 अंशांच्या पुढे नरम पडायला लागतं. मग हूड वाकतं, पृष्ठभागावर कापडाची वीण उमटते. उपाय म्हणजे पोस्ट-क्युअर, रेझिनच्या डेटाशीटमध्ये दिलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये ठरावीक तास ठेवणं. गाळ्यात ओव्हन आहे का, डेटाशीट दाखवता का, हे दोन प्रश्न विचाराच. इपॉक्सी उन्हाने पिवळंही पडतं, त्यामुळे वरून यूव्ही रोखणारा टू-के (दोन घटक मिसळून लावायचा) पॉलियुरेथेन क्लिअर कोट हवा. आणि कोटेशनमध्ये नुसतं ‘रेझिन’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. इपॉक्सी की पॉलिस्टर, स्पष्ट लिहून घ्या.

साच्याकडे वळू. जुन्या हूडवरूनच साचा काढायचा असेल तर ते हूड कशाचं आहे ते आधी बघा. पॉलिस्टर जेलकोटमध्ये (साच्याचा पहिला गुळगुळीत थर) स्टायरीन असतं आणि ते एबीएस प्लास्टिक विरघळवतं. म्हणजे एबीएसच्या हूडवर ते थेट लावलं तर साचाही बिघडेल आणि हूडही. अशा वेळी इपॉक्सी टूलिंग जेलकोट मागा. अक्षरं आत कोरलेली असतील ती मॉडेलिंगच्या मातीने भरून घ्या. आतल्या धारदार कोपऱ्यात कापड शिरत नाही, ताणून पूल बनवतं आणि खाली पोकळी राहते. कोपऱ्यांना निदान तीन-चार मिलिमीटरची गोलाई द्या. कडा आतल्या बाजूला वळलेली असेल तर भाग साच्यातून निघणारच नाही, साचा दोन तुकड्यांचा करावा लागेल आणि खर्च वाढेल. एकाच नगासाठी साच्याचा खर्च भागापेक्षा जास्त असणं नेहमीचं आहे. म्हणून साचा कुणाचा, तो तुम्हाला मिळणार की गाळ्यातच राहणार, त्यावरून दुसऱ्या कुणाला नग काढून देणार का, हे ॲडव्हान्स देण्याआधी लिहून घ्या.

हूड उघडून आतली बाजूही नीट बघा. रबरी सील ज्या खाचेत बसतं तिची रुंदी आणि खोली कॅलिपरने चार-पाच ठिकाणी मोजा. हवा आत नेणारे आणि पेट्रोलची वाफ बाहेर काढणारे डक्ट कुठून जातात त्याची रेघ काढा. नवीन भाग एकाही डक्टचं तोंड झाकत असेल तर तो लावायचा नाही, कितीही सुंदर असो. कोंडलेली पेट्रोलची वाफ स्फोटाला कारण होते. स्कीत जीपीएस असेल तर त्याचा अँटेना शोधा. कार्बन रेडिओलहरी अडवतं, अँटेनाच्या डोक्यावरचा तुकडा काचेच्या कापडाचा ठेवायला सांगा.

हंगामाचं गणित इथलं आहे. पावसाळ्यात स्की ट्रेलरवर उभी असते म्हणून तेव्हाच काम काढावंसं वाटतं. पण जुलैतल्या ठाण्याच्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा चिकट थर येतो, त्यावर पुढचा थर धरत नाही आणि क्लिअर कोटही पांढुरका पडतो. होळी झाली की काम द्या, लेअप (थर रचण्याचं काम) आणि कोट मेच्या मध्यापर्यंत संपवा, पावसात निवांत फिटिंग करा. पावसातच करायचं असेल तर बंद, एसी लावलेली खोली आणि व्हॅक्यूम बॅग (थर दाबून धरणारी पिशवी) असलेलाच गाळा निवडा.

भाग हातात आला की आधी कोट न पाहता मागची बाजू बघा. मग रुपयाच्या नाण्याने दोन-दोन इंचांवर टकटक करत जा. भरीव भागाचा आवाज खणखणीत येतो. मध्येच बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलेले आहेत. फोमच्या भागाचा आवाज वेगळाच असतो, त्याची तुलना फोमशीच करा. बाजूच्या प्रकाशात धरून वीण सरळ आहे का, कोपऱ्यात टाचणीएवढी भोकं आहेत का ते पाहा. क्लिअर कोटआधी एकदा ट्रायल फिटिंग करायचं, हेही आधीच ठरलेलं असावं. फिटिंगच्या वेळी भोकं स्कीवर पाडू देऊ नका. कार्बनची धूळही वीज वाहते, ती ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) आणि कनेक्टरपासून लांबच बरी. भोकं टेबलावर, कार्बाइड ड्रिलने, मास्क लावून.

चाचणीसाठी ऐरोली ते वाशी पुलांदरम्यानच्या खाडीत स्की घालू नका. पश्चिम काठाचा तो पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथल्या पक्ष्यांना त्रास होतो. हंगाम सुरू झाल्यावर परवानगी असलेल्या किनाऱ्यावर पहिली फेरी मारा, परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, आणि दुसऱ्या दिवशी बोल्ट सैल करून वॉशरखाली बघा. कोरडं आणि स्वच्छ असेल तर पुन्हा आवळा. पांढरी भुकटी दिसली तर तो बोल्ट काढून भोक रेझिनने पुन्हा बंद करा, नवा वॉशर घाला, आणि मगच स्की पाण्यात न्या.