जुन्या दुखण्यासाठी मेंदूतला लगाम कामाला कसा लावावा

इंदूरच्या राजेंद्रनगरात राहणाऱ्या माझ्या मावशीच्या घरी गेल्या हिवाळ्यात पाहुण्यांसाठी गराडू तळले जात असताना तेलाचा थेंब तिच्या मनगटावर उडाला आणि तेथे चांगला फोड आला. परंतु तो तिच्या लक्षात आला तो पाहुण्यांना निरोप देऊन ती ओटा पुसू लागली तेव्हा, आणि त्यानंतर मात्र तो असा झोंबू लागला की तिला हातात लाटणे धरवेना. याच मावशीला डाव्या गुडघ्याच्या दुखण्याने दोन वर्षे गच्चीवर जाऊ दिलेले नाही. ताज्या भाजण्याची कळ तासभर दाबून धरणारी यंत्रणा जुन्या गुडघ्याच्या बाबतीत कोठे जाते आणि तिला पुन्हा कामाला कसे लावावे, हे मावशीला समजावताना जे टिपण तयार झाले, तेच येथे विस्ताराने देत आहे.

हे टिपण तीन महिन्यांहून जुन्या आणि डॉक्टरांनी तपासलेल्या दुखण्यासाठी आहे. छातीत दुखणे, दुखण्यासोबत ताप, अकारण घटणारे वजन, पायांत वाढत जाणारी अशक्तता किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही असल्यास पुढचे वाचत बसू नये, रुग्णालय गाठावे.

मेंदू आणि मेरुरज्जू यांना जोडणाऱ्या देठासारख्या भागास मस्तिष्कस्तंभ म्हणतात. त्याच्या वरच्या टोकाला, मध्यमेंदूत, एक अरुंद नलिका असून तिच्याभोवती करड्या पेशींचा वेढा आहे. त्याला पेरिॲक्विडक्टल ग्रे, थोडक्यात पीएजी, हे नाव आहे. 1969 मध्ये रेनॉल्ड्स या संशोधकाने उंदरांच्या मध्यमेंदूतील या भागाला विजेचा सौम्य प्रवाह दिला आणि भूल न देता त्यांच्या पोटाची शस्त्रक्रिया केली, तेव्हा वेदना दाबण्याची सोय शरीरातच आहे हे स्पष्ट झाले. पीएजीकडून निघालेला हुकूम मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या टोकाकडील भागातील, म्हणजे लंबमज्जेतील, पेशींकडे आणि तेथून मेरुरज्जूत उतरतो. गुडघ्याकडून आलेली वार्ता ज्या ठिकाणी पहिल्यांदा हात बदलते, तेथेच सेरोटोनिन व नॉरॲड्रेनॅलिन ही चेतापेशींची निरोप्या रसायने आणि शरीरात तयार होणारे अफूसदृश पदार्थ यांच्या साहाय्याने तिचा आवाज कमी केला जातो. या अफूसदृश पदार्थांपैकी एन्केफॅलिनचा शोध ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी 1975 मध्ये ॲबर्डीन येथे लावला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. लंबमज्जेच्या त्याच भागात काही पेशी वार्ता दाबतात, तर त्यांच्या शेजारच्या काही पेशी ती वाढवतात. म्हणजे लगाम आणि चाबूक एकाच हाती आहेत. दुखणे जुने झाले, झोप बिघडली, भीती बसली, की चाबकाची बाजू जड होत जाते आणि गुडघ्याच्या सांध्यात नवे काही बिघडलेले नसतानाही तो अधिक दुखतो. क्ष-किरण चित्रातील झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ अनेकदा बसत नाही, याचे हे एक कारण आहे.

उपायांत माझ्या मते पहिला मान चालण्याचा आहे, कारण व्यायामाने वेदनेची तीव्रता काही काळ उतरते. मात्र तो मापाने करावा लागतो. आपल्याकडे दुखणे कमी असलेल्या दिवशी राजवाड्यापर्यंत पायी जाऊन यायचे आणि पुढचे तीन दिवस पलंग धरायचा, अशी रीत आहे, आणि तीच घात करते. त्याऐवजी तीन दिवस घड्याळ लावून चालावे आणि दुखणे स्पष्टपणे वाढू लागेपर्यंत किती मिनिटे झाली ते लिहून ठेवावे. मावशीची नोंद 10, 14 आणि 12 मिनिटे अशी होती. सरासरी 12 आली, म्हणून तिने सुरुवात त्याहून थोडी कमी, 10 मिनिटांनी केली. पुढे बरे वाटो वा न वाटो, रोज तेवढेच चालायचे आणि आठवडा सुरळीत गेला तरच एक-दोन मिनिटे वाढवायची. यातले सर्वांत अवघड काम चांगल्या दिवशी दहाव्या मिनिटाला घरी परतणे हे आहे, आणि मावशीने त्यावर माझ्याशी पुष्कळ वाद घातला. चालून आल्यावर दुखणे थोडे वाढले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्वपदावर आले, तर माप बरोबर आहे असे समजावे.

दुसरा उपाय झोपेचा. रात्री वारंवार जागे करून केलेल्या प्रयोगांत निरोगी माणसांचाही हा लगाम सैल पडलेला आढळला आहे. म्हणून उठण्याची वेळ ठरलेली ठेवावी, दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासात आटोपावी आणि संध्याकाळनंतरचा चहा सोडावा. मध्यरात्री सराफ्यात खाऊन परतणाऱ्या शहरात हे सांगणे जिवावर येते, पण सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरा उपाय घरातल्या बोलण्याचा आहे, आणि तो क्षुल्लक समजू नये. 1978 मध्ये दाढ काढलेल्या रुग्णांवरील एका प्रयोगात, खोट्या औषधाने मिळालेला आराम अफूसदृश पदार्थांना रोखणाऱ्या नॅलोक्सोनने नाहीसा झाला. म्हणजे आराम पडेल या अपेक्षेनेच शरीराने स्वतःचे औषध सोडले होते. 2025 मध्ये सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी 7 टेस्ला इतक्या प्रबळ चुंबकाच्या एमआरआय यंत्रावर 93 निरोगी व्यक्तींचा मस्तिष्कस्तंभ तपासला, तेव्हा चेहऱ्यावरची वेदना अशा अपेक्षेने दाबली जाताना पीएजीचा एक भाग आणि हातापायांवरची दाबली जाताना दुसरा भाग काम करताना दिसला. अपेक्षेला असा ठावठिकाणा असेल, तर भीतीही उगाच पेरू नये. ‘गुडघा संपला, आता बदलावाच लागणार’ हे वाक्य आमच्या घरात येताजाता उच्चारले जाई. त्याऐवजी ‘आज किती मिनिटे झाली?’ असे विचारावे. मन गुंतवायचे असल्यास त्यात खरोखर डोके लागले पाहिजे. समोर चालू असलेली मालिका फारशी उपयोगी पडत नाही, परंतु भजनी मंडळात नवा अभंग पाठ करणे किंवा नातवाचे गणित तपासणे उपयोगी पडते.

शेक किंवा बर्फ यांतले ज्याने बरे वाटेल ते 15 मिनिटे, मध्ये कापड ठेवून घ्यावे; मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांनी दोन्ही टाळावे, कारण भाजल्याचे त्यांना कळत नाही.

औषधांबाबत एवढेच की, डुलोक्सेटिन किंवा ॲमिट्रिप्टिलिन लिहून दिल्यास ‘मला वेडाची गोळी दिली’ असे मानून चिठ्ठी फेकू नये. ही नैराश्यावरची औषधे मेरुरज्जूतील त्याच सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनॅलिनचे बळ वाढवतात, म्हणून दुखण्यातही दिली जातात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आधीपासून ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक चालू असल्यास डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, कारण ही औषधे एकत्र आल्यास सेरोटोनिन घातक प्रमाणात वाढू शकते. आणि बरे वाटू लागले तरी गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये, मात्रा डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्यावी.