पाठवलेला ईमेल वाटेतच अडवला जातो तेव्हा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील फाउंड्रीने पाठवलेले दरपत्रक ग्राहकापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा दोष पुष्कळदा मजकुराचा नसून सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या अतिदक्ष स्पॅम फिल्टरचा असतो. प्रथम परत आलेली सूचना वाचावी: ५५० हा क्रमांक कायमचा नकार दर्शवतो, तर ४ ने सुरू होणारा क्रमांक तात्पुरती अडचण सांगतो आणि तेव्हा सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. सूचनाच आली नसेल, तर ग्राहकाला फोन करून स्पॅम फोल्डर लगेच पाहायला सांगावे, कारण जीमेल तेथील ईमेल ३० दिवसांनी पुसून टाकते.

खरे काम डोमेनच्या (ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या) डीएनएस नोंदींत, म्हणजे त्या नावाची माहिती इंटरनेटवर जाहीर करणाऱ्या नोंदींत आहे. एसपीएफ नोंदीत, म्हणजे परवानगी दिलेल्या सर्व्हरांच्या यादीत, आपल्या वतीने ईमेल पाठवणारा प्रत्येक सर्व्हर हवा, डीकेआयएमची सही (ईमेल आपल्याच डोमेनवरून आल्याची डिजिटल खूण) चालू हवी आणि या तपासण्यांत न टिकणाऱ्या ईमेलचे काय करावे हे सांगणारे डीमार्क धोरण जाहीर केलेले हवे. परस्पर बिले पाठवणाऱ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर मात्र एसपीएफ नोंदीत घालायचा हमखास राहून जातो.

स्वस्त होस्टिंगवर (भाड्याच्या सर्व्हरवर) एकच आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील सर्व्हरचा ओळखक्रमांक, अनेकांना मिळून दिलेला असतो, त्यामुळे दुसऱ्याने स्पॅम पाठवले तरी आपले ईमेल अडतात, आणि हा प्रामाणिक व्यावसायिकावर उघड अन्याय आहे. अशा वेळी स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांची यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउस या संस्थेच्या संकेतस्थळावर आपला आयपी पत्ता तपासावा आणि नकाराची संपूर्ण सूचना जोडून होस्टिंग कंपनीकडे लेखी तक्रार करावी.