सिनेमाचं रेटिंग कसं वाचावं?

सिनेमा पाहायचं ठरलं की आपण आधी आकडा शोधतो. एकीकडे ९२ टक्के, दुसरीकडे ६.८, तिसरीकडे साडेतीन स्टार. एकाच सिनेमाचे हे तिन्ही आकडे खरे असू शकतात, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो.

१. आधी वयाचं प्रमाणपत्र पाहा

मुलं बरोबर असतील तर इथूनच सुरुवात करा. सिनेमा चांगला की वाईट, हे प्रमाणपत्र सांगत नाही. कोणत्या वयाला चालेल एवढंच सांगतं. अमेरिकेत ही पद्धत १९६८ साली आली आणि त्यात ‘पीजी-१३’ची (१३ वर्षांखालच्या मुलांच्या पालकांना सावध करणारं प्रमाणपत्र) भर १९८४ मध्ये पडली. भारतात २०२४ च्या नियमांनी ‘यूए’चे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा सिनेमा) ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. सोबत कारण दिलं असेल, म्हणजे हिंसा, भीती, शिवीगाळ वगैरे, तर ते जरूर वाचा. एखादं मूल मारामारी सहज पाहतं, पण अंधारातल्या एका दृश्यानं रात्रभर झोपत नाही. ते मूल ओळखणारे तुम्हीच.

२. टक्के म्हणजे गुण नव्हेत

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. परीक्षणं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे समीक्षकांचे टक्के म्हणजे किती जणांचा कौल अनुकूल आहे, याची मोजणी. समजा, दहा समीक्षकांनी एका सिनेमाला दहापैकी सहा गुण दिले आणि ‘बरा आहे’ म्हटलं. झाले १०० टक्के! दुसऱ्या सिनेमाला सात जणांनी नऊ-नऊ गुण दिले आणि तिघांनी चार-चार देऊन नापसंत केलं. त्याचे टक्के ७०, पण सरासरी साडेसात. मला विचाराल तर मी दुसऱ्याचं तिकीट काढेन. ज्या सिनेमावर माणसं हिरिरीनं भांडतात, त्यात बहुधा काहीतरी असतं.

मेटाक्रिटिक हे तसंच दुसरं संकेतस्थळ मात्र परीक्षणांना ० ते १०० गुण देऊन त्यांची सरासरी काढतं आणि त्यात काही प्रकाशनांना अधिक वजन देतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले की चित्र बरंच स्पष्ट होतं.

३. मत कुणाचं, ते तपासा

आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळावर कोणताही नोंदणीकृत वापरकर्ता १ ते १० गुण देऊ शकतो. म्हणून सरासरीबरोबर मतांची संख्या आणि विभागणीही बघा. १० आणि १ या दोन टोकांनाच गर्दी दिसली, तर तिथे सिनेमापेक्षा चाहत्यांची आणि विरोधकांची चढाओढ चालू असण्याची शक्यता जास्त. अमेरिकेतली सिनेमास्कोर ही पाहणी करणारी संस्था थिएटरमध्ये आलेल्या प्रेक्षकांनाच पहिल्या रात्री सिनेमा कसा वाटला ते विचारते. ही मंडळी हौसेनं आलेली असतात, त्यामुळे तिथली श्रेणी सहसा चढीच असते.

४. दोन परीक्षणं पूर्ण वाचा

एक कौतुकाचं, एक टीकेचं. निकाल बाजूला ठेवा, कारणं शोधा. ‘फार संथ आहे’ ही तक्रार तुम्हाला आमंत्रणही वाटू शकते. कथा उघड होण्याची भीती असेल तर ही पायरी सिनेमा पाहिल्यानंतर करा, पण सोडू नका. चांगला समीक्षक आपल्या नजरेतून सुटलेलं दाखवतो.

५. आपला समीक्षक शोधा

तुम्ही पाहिलेले पाच-सहा सिनेमे घ्या आणि त्यांवर एकाच समीक्षकानं काय लिहिलं ते वाचा. मतं जुळली तर उत्तमच. दर वेळी उलटी पडली तरी तो तितकाच कामाचा: त्यानं झोडपलेला सिनेमा तुम्ही बिनधास्त पाहायला जा.