यंत्रमाग कारखान्यातल्या नोंदी कार्डावर: नॅनोला एसडी जोडताना

सोलापुरातल्या यंत्रमाग कारखान्यात तापमान आणि दमटपणाची दिवसभर नोंद ठेवायची, तर आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि मायक्रोएसडी कार्ड एवढ्यावर काम भागतं. पण नॅनो 5 व्होल्टचा आणि कार्ड 3.3 व्होल्टचं. बहुतेक बिघाड इथेच असतात. लोक उगाच प्रोग्राम तपासत बसतात.

आधी मॉड्यूल, म्हणजे कार्ड बसवायची छोटी पट्टी, नीट पाहा. त्यावर रेग्युलेटर (5 व्होल्टचे 3.3 करणारा भाग) आणि 14 पायांची छोटी आयसी (सिग्नल 3.3 वर आणणारी चिप), दोन्ही असतील तर व्हीसीसी, म्हणजे सप्लायची पिन, थेट 5 व्होल्टला जोडा. नुसतं सॉकेट असेल तर सीएस (कार्ड निवडणारी), मोसी (कार्डाकडे डेटा नेणारी) आणि एससीके (क्लॉकची) या तिन्ही तारांवर रेझिस्टर घाला: नॅनोकडून येताना 1 किलोओहम, मग कार्डाच्या बाजूने ग्राउंडला 2 किलोओहम. मिसो ही डेटाची तार कार्डाकडून येते, ती सरळ जोडा. अशा सॉकेटला नॅनोच्या 3.3 पिनवरून सप्लाय देऊ नका. लिहिताना कार्ड 100 मिलिअँपिअरच्या वरही खेचतं, तेवढं त्या पिनला झेपत नाही. वेगळा 3.3 व्होल्टचा रेग्युलेटर घ्या आणि सॉकेटला खेटून 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

पिन अशा: सीएस 10, मोसी 11, मिसो 12, एससीके 13. तारा 10 सेंटिमीटरच्या आत ठेवा. शेजारी मागांच्या मोटरी असतात, लांब तार त्यांचा सगळा गोंगाट उचलते.

कार्ड 32 जीबी किंवा कमी, फॅट32 मध्ये (ही कार्डावर फाइली ठेवायची एक पद्धत) फॉरमॅट केलेलं हवं. 64 जीबीची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, नॅनोची नेहमीची एसडी लायब्ररी ती वाचत नाही. फाइलचं नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लिहिलेला मजकूर आधी नॅनोच्या मेमरीतल्या 512 बाइटच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, थांबतो, आणि फाइलची लांबी कार्डावर नोंदली जाते ती फ्लश (बफरमधलं कार्डावर उतरवणं) किंवा क्लोज (फाइल बंद करणं) केल्यावरच. मधेच लाईट गेली तर फाइल उघडल्यावर शून्य बाइट दिसते, दिवसभराची मेहनत पाण्यात. म्हणून मिनिटाला एक नोंद घ्या आणि प्रत्येक नोंदीनंतर फ्लश करा. दर सेकंदाला नको, कार्ड उगाच झिजतं.

त्याच मोसी, मिसो, एससीके तारांवर दुसरी एसपीआय वस्तू (याच तारांवर बोलणारी) जोडली आणि ती गप्प बसली, तर दोष बहुधा स्वस्त मॉड्यूलचा. सीएस पिन हाय करून कार्डाची निवड काढली तरी ते मॉड्यूल मिसो तार मोकळी सोडत नाही. दुसरं मॉड्यूल आणा, प्रोग्राम बदलून हे सुटत नाही.