आलेखाखालच्या तारखा चुकतात? दुरुस्ती कुठून सुरू करावी

ठाण्यात घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना उन्हाळ्यातले टँकर नवीन नाहीत. आमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे एक निवृत्त काका रोज किती टँकर आले ते वहीत लिहितात. मी ते शीटमध्ये भरते आणि सोसायटीच्या वेबसाइटवर त्याचा आलेख आपोआप तयार होतो. २०२५च्या मे महिन्यात या आलेखावर शनिवारी, ३ तारखेला तीन टँकर दिसले. पावत्या मात्र रविवारच्या, ४ तारखेच्या होत्या. कमिटीच्या बैठकीत पावत्यांवरच संशय घेतला गेला. टँकरवाल्याला बोलावणं गेलं. शेवटी काकांनी वही उघडली. "अगं, रविवारी मी स्वतः गेटवर उभा होतो. तुझा तक्ता काय म्हणतो ते बघ जरा."

चूक मी लिहिलेल्या एका ओळीत होती. तिच्यामुळे एका माणसाचा शब्द खोटा ठरायची वेळ आली, हे मला अजून लागून राहिलं आहे. म्हणून तारखांची ही दुरुस्ती मी कशी करते ते सविस्तर सांगते. जावास्क्रिप्टची थोडी ओळख असली तर पुरे.

आधी कच्ची तारीख पाहा

तारीख चुकीची दिसली की हात आधी लेबलच्या सेटिंगकडे जातो. फॉरमॅट बदल, फॉन्ट लहान कर, तिरपं कर. तसं करू नका. अक्षाखालचं लेबल सगळ्यात शेवटी तयार होतं. त्याआधी तारीख शीटमधून मजकूर म्हणून निघते, कोडमध्ये तिचं तारखेत रूपांतर होतं आणि मग ती आलेखाच्या लायब्ररीकडे, म्हणजे चार्ट-जेएस, गुगल चार्ट्स, हायचार्ट्स किंवा डी-थ्रीसारख्या आलेख काढणाऱ्या तयार कोडकडे जाते. बिघाड बहुतेक वेळा या वाटेवरच असतो.

ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबा, कन्सोल उघडा आणि आलेखाला दिलेल्या पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन तारखा छापून घ्या. त्या मजकूर आहेत, आकडे आहेत की खऱ्या तारखा, हे पाहा. शेजारी मूळ वही किंवा शीट उघडी ठेवा. कन्सोलमध्येच तारीख चुकीची असेल तर लेबलची सेटिंग कितीही फिरवली तरी ती सुधारणार नाही.

सगळं १९७० सालात गेलं असेल तर

संगणक तारीख म्हणजे १ जानेवारी १९७०, ग्रीनिच वेळेची मध्यरात्र, तिथपासून गेलेला वेळ असं मोजतो. जावास्क्रिप्ट हा वेळ मिलिसेकंदांत मोजते, पण अनेक सर्व्हर आणि डेटाबेस तो सेकंदांत पाठवतात. ४ मे २०२५ची आपली मध्यरात्र सेकंदांत १७४६२९७००० होते. हाच आकडा मिलिसेकंद समजून वाचला तर २१ जानेवारी १९७० निघतो. महिन्याभराच्या नोंदी असतील तर अख्खा मे महिना त्या एका सकाळच्या पाऊण तासात कोंबला जातो. ओळखायची खूण सोपी आहे. आजच्या काळातला दहा अंकी आकडा सेकंदांचा, तेरा अंकी मिलिसेकंदांचा. दहा अंकी असेल तर हजाराने गुणा.

आकडा ४५७८१ असा पाच अंकी असेल, तर तो एक्सेलचा दिवसांचा क्रमांक आहे. त्यातून २५५६९ वजा करा आणि उत्तराला ८ कोटी ६४ लाखांनी गुणा, म्हणजे मिलिसेकंद मिळतील. आणि नेमकं १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३० असं दिसत असेल, तर तिथे बहुधा तारीखच नाही. रिकाम्या खान्याचं शून्य झालं आहे.

दिवस आणि महिना उलटे

आपण ०१/०५/२०२५ लिहितो आणि १ मे वाचतो. जावास्क्रिप्टच्या तारीख-वाचकाला हाच मजकूर दिला तर तो अमेरिकी पद्धतीने ५ जानेवारी वाचतो. म्हणजे काकांच्या वहीतल्या मे महिन्याचं असं होतं: १ मेचं ५ जानेवारी, २ मेचं ५ फेब्रुवारी, करत करत १२ मेचं ५ डिसेंबर. १३ मेपासून पुढे तेरावा महिना नसल्याने तारीख अवैध ठरते आणि ते दिवस आलेखातून गायबच होतात. ५ मे तेवढी बरोबर दिसते. बारा ठिपके वर्षभर विखुरलेले आणि महिन्याचा उरलेला भाग कोरा, असं चित्र दिसलं की दुसरीकडे शोधायला जाऊ नका.

उपाय असा की तारीख ओळखण्याचं काम ब्राउझरच्या अंदाजावर सोडायचं नाही. मजकूर तिरप्या रेघेवर तोडा, तीन आकडे वेगळे काढा आणि वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख बनवा. इथे आणखी एक खाच आहे. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजले जातात, जानेवारी म्हणजे ०, मे म्हणजे ४. दिवस मात्र १ पासून. म्हणून महिन्यातून १ वजा करायचा. सगळा आलेख बरोबर एक महिना पुढे सरकला असेल तर ही वजाबाकी राहून गेली आहे. गुगल चार्ट्सला डेटा जेसनमधून, म्हणजे मजकुराच्या रूपात, देताना वापरायच्या तारखेतही हाच नियम आहे. तिथे ‘डेट(२०२५, ४, ४)’ याचा अर्थ ४ मे.

एक दिवस मागे: साडेपाच तासांचं गणित

आमच्या टँकरचा घोळ इथला. हा बिघाड भारतात फार होतो आणि लवकर लक्षात येत नाही, कारण आलेख अगदी व्यवस्थित दिसत असतो.

भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. ठाण्यात रविवार ४ मेची मध्यरात्र होते तेव्हा यूटीसीमध्ये शनिवार ३ मेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मी तारीख बनवली होती ती स्थानिक मध्यरात्रीची, ती बरोबर होती. पण तिचं ‘२०२५-०५-०४’ असं रूप काढायला ‘टू-आयएसओ-स्ट्रिंग’ हे फंक्शन वापरलं आणि त्याचे पहिले दहा वर्ण कापून घेतले. हे फंक्शन नेहमी यूटीसीतच उत्तर देतं. त्यामुळे प्रत्येक तारीख एक दिवस मागे गेली, रविवारचे टँकर शनिवारवर आले.

दुरुस्ती करताना ते फंक्शन काढून टाकलं. त्याऐवजी तारखेकडून स्थानिक वर्ष, महिना आणि दिवस वेगवेगळे मागितले, महिन्यात १ मिळवला, एक अंकी आकड्यांच्या आधी शून्य लावलं आणि मधे आडव्या रेघा घालून जोडलं. चार ओळींचं काम.

उलट्या दिशेची चूकही समजून घ्या. ‘२०२५-०५-०४’ असा नुसत्या तारखेचा मजकूर जावास्क्रिप्टला वाचायला दिला, तर ती त्याला यूटीसीची मध्यरात्र मानते. आपल्याकडे तेव्हा ४ मेचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, तारीख तीच राहते, म्हणून ठाण्यात बसून कितीही तपासलं तरी सगळं ठीक वाटतं. आमच्या इमारतीतले एक फ्लॅटमालक न्यू जर्सीला असतात. त्यांच्या पडद्यावर तोच आलेख ३ मे दाखवत होता, कारण तिथे अजून आदली संध्याकाळ होती. तारखेनंतर वेळही लिहिली, इंग्रजी ‘टी’ आणि मग ००:००:००, शेवटी ‘झेड’ ही यूटीसीची खूण न लावता, की तोच मजकूर स्थानिक वेळेचा धरला जातो.

आता लायब्ररी कोणती वेळ दाखवते तेही पाहायला हवं. हायचार्ट्सची मूळ सेटिंग यूटीसी आहे, तिथे टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ असा स्पष्ट सांगा. डी-थ्रीमध्ये स्थानिक वेळेची पट्टी वेगळी आणि यूटीसीची वेगळी. तारीख एका पद्धतीने वाचून दुसऱ्या पट्टीवर मांडली की ठिपके खुणांच्या रेषांवर न पडता साडेपाच तास बाजूला पडतात.

परदेशातल्या माणसाला काय दिसेल हे तपासायला क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये सेन्सर्स नावाचा भाग आहे. तिथे ठिकाण बदललं की टाइमझोनही बदलतो. पान पुन्हा लोड करून पाहा. मी आता प्रत्येक बदलानंतर हे करतेच.

अक्ष वेळेचा आहे की नुसत्या नावांचा?

नेरुळला राहणारी माझी मावसबहीण मोरबे धरणाच्या पातळीचा आलेख ठेवते. धरण नवी मुंबई महापालिकेचं, पूर्ण भरलं की पातळी ८८ मीटर. तिने जूनमध्ये आठवड्याला एक नोंद घेतली होती आणि जुलैत रोज. आलेखात सगळे ठिपके सारख्याच अंतरावर आले, त्यामुळे जुलैतली झपाट्याची वाढ संथ दिसायची. तारखा सगळ्या बरोबर होत्या. अक्ष मात्र त्यांना तारीख न मानता नुसती नावं मानत होता, जसं आंबा, केळी, फणस.

चार्ट-जेएसमध्ये आडव्या अक्षाचा प्रकार ‘टाइम’ असा सांगावा लागतो. तिसऱ्या आवृत्तीपासून त्यासाठी डेट अ‍ॅडॉप्टर नावाची जोडफाइल वेगळी घ्यावी लागते. ती नसेल तर ‘ही पद्धत उपलब्ध नाही’ अशा अर्थाची एरर कन्सोलमध्ये येते. जुना नमुना उतरवून घेतला असेल तर अक्षांची सेटिंग लिहायची रचनाही या आवृत्तीत बदलली आहे. जुन्या रचनेतली सेटिंग लागूच होत नाही आणि माणूस तासन्‌तास फॉरमॅट बदलत बसतो. गुगल चार्ट्समध्ये स्तंभाचा प्रकार मजकूर ऐवजी तारीख असा द्या. हायचार्ट्समध्ये अक्षाचा प्रकार ‘डेटटाइम’. नोंदी तारखेच्या क्रमाने लावूनच द्या, नाहीतर रेघ मागेपुढे धावते.

ज्या दिवशी नोंद नाही तिथे शून्य भरू नका. शून्य टँकर आणि ‘लिहायचं राहिलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती जागा रिकामी, म्हणजे नल ठेवा, रेघ तिथे तुटू द्या.

फॉरमॅटची अक्षरं

इथवर सगळं ठीक असेल तरच लेबलच्या फॉरमॅटकडे वळा. मोमेंट, डेट-एफएनएस, लक्सन या तारखांच्या लायब्रऱ्यांत आणि गुगल चार्ट्समध्ये इंग्रजी मोठा एम म्हणजे महिना, लहान एम म्हणजे मिनिटं. डी-थ्री आणि हायचार्ट्समध्ये नेमकं उलट. अक्षरांची अदलाबदल झाली की गंमतशीर वाटणारी पण फार उपयोगी खूण दिसते: ०१/३०, ०२/३०, ०३/३०, प्रत्येक तारखेला ‘तिसावा महिना’. तो ३० आला साडेपाचमधल्या अर्ध्या तासातून. म्हणजे एकाच लेबलवरून दोन चुका कळल्या, अक्षर चुकलं आहे आणि तारीख यूटीसी म्हणून वाचली गेली आहे. दिवस आणि वर्षाची अक्षरं लहान की मोठी हे लायब्ररीप्रमाणे बदलतं: मोमेंट मोठी मागते, डेट-एफएनएस आणि लक्सन लहान. अंदाजाने लिहू नका, त्या लायब्ररीचा तक्ता पाहा.

लेबल मराठीत हवं असेल तर ब्राउझरची स्वतःची सोय आहे. ‘इंटल’मधल्या तारीख-फॉरमॅटरला ‘एमआर-आयएन’ ही भाषा दिली की ‘४ मे’ देवनागरी अंकांसकट मिळतं. आमच्या सोसायटीतल्या आजी-आजोबांना हे फार आवडलं.

गर्दी आणि पुनरुक्ती

एकच तारीख दोनदा दिसत असेल, ५ मे, ५ मे, ६ मे, ६ मे, तर अक्षाने बारा-बारा तासांवर खुणा केल्या आहेत आणि लेबलमध्ये फक्त दिवस दिसतो आहे. खुणेचं एकक ‘दिवस’ असं ठरवून द्या.

लेबलं एकमेकांवर चढत असतील तर आधी आलेख कुठे पाहिला जातो ते आठवा. आमच्याकडे लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, म्हणजे फोनवर. साधारण ३६० पिक्सेल रुंदी, एका ‘१२ मे’ला मोकळी जागा धरून ४५ पिक्सेल, आठ लेबलं बसतात, एकतीस नाहीत. कमाल संख्या सात-आठ ठेवा, वर्ष शीर्षकात लिहा आणि पूर्ण तारीख ठिपक्यावर बोट ठेवल्यावर दाखवा. लेबल तिरपं करणं मी टाळते, वयस्क माणसांना ते वाचवत नाही.

शेवटची तपासणी वहीसमोर बसून करा. महिन्याचा पहिला दिवस, शेवटचा दिवस आणि ज्याची तारीख पक्की ठाऊक आहे असा एक दिवस आलेखात शोधून ताडून पाहा. आमच्यासाठी तो तिसरा दिवस ४ मे. दुरुस्तीनंतर काकांनी स्वतः त्या ठिपक्यावर बोट ठेवलं, ‘रविवार, ४ मे, ३ टँकर’ असं वाचलं आणि मग टँकरवाल्याला फोन लावला.